किती खाल्ल्यावर त्रास होतो? अन्न न सोसणं, ॲलर्जी आणि इंदूरचं ताट

जेवणातलं काही सोसत नसेल तर काय खाल्लं हे सगळेच विचारतात. किती खाल्लं आणि त्यानंतर किती वेळानं काय झालं, हे मात्र दवाखान्यात जाईपर्यंत कुणी नोंदलेलं नसतं. निदान तर याच दोन उत्तरांवर फिरतं.

दिवसाचे दोन कप चहा बिनतक्रार चालतात, पण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मोठा ग्लास दुधाची इंदुरी शिकंजी घेतली की घरी पोचेपर्यंत पोट ढोल होतं. हे न सोसणं. साबुदाण्याच्या खिचडीचा एक घास तोंडात गेला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर ती ॲलर्जी. पहिल्या माणसानं आपली मात्रा शोधायची असते. दुसऱ्यानं मात्रेचा विचारही करायचा नसतो. या दोघांना एकच सल्ला देणं, "थोडं थोडं खाऊन सवय कर" किंवा "आयुष्यभर तोंडाला लावू नकोस", हा घरोघरी होणारा गोंधळ आहे, आणि पहिल्या सल्ल्यानं जीवही जाऊ शकतो.

शरीरात काय होतं

ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू ठरवते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार ठेवते. ते प्रथिन पुन्हा पोटात गेलं की हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम बाहेर पडतात. म्हणून त्रास बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. अंगावर पित्त उठणं, ओठ-पापण्या सुजणं, घसा आवळणं, उलट्या, खोकला, छातीत शिट्टी वाजणं, चक्कर ही त्याची लक्षणं. दाण्याच्या कुटाची चिमूटही पुरते.

न सोसण्यात संरक्षणयंत्रणेचा संबंध नसतो. कुठली तरी साखर लहान आतड्यात पचत नाही, ती तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात. त्यातून वायू होतो, आणि न पचलेली साखर पाणी ओढून घेते म्हणून जुलाब होतात. अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत कधीही त्रास सुरू होऊ शकतो. त्रास खरा असतो, पण जीवाला धोका नसतो आणि प्रत्येकाची एक मर्यादा असते, जिच्या आत खाल्लं तर काही होत नाही.

सीलिॲक आजार या दोन्हींत बसत नाही. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. लक्षणं न सोसण्यासारखी दिसतात: पोट फुगणं, जुलाब, थकवा. पथ्य मात्र ॲलर्जीइतकं कडक लागतं, कारण त्रास जाणवला नाही तरी आतडं झिजत राहतं. काहींना तर पोटाची तक्रारच नसते. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, एवढंच दिसतं.

दोन अपवाद लक्षात असू द्या. तान्ह्या बाळांत दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी उशिरा उमटणारीही असते: शीमध्ये चिकट पदार्थ किंवा रक्त, नाहीतर दूध दिल्यावर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या. आणि काहींना गहू एरवी चालतो, पण पोळी खाऊन लगेच धावायला गेलं किंवा वेदनाशामक गोळी घेतली तर अंगावर पित्त येऊन चक्कर येते. असं एकदा जरी झालं तरी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जायचं.

पहिली पायरी: चौदा दिवसांची वही

या चौदा दिवसांत खाणं बदलू नका, फक्त लिहा. अपवाद एकच: ज्यानं ॲलर्जीची लक्षणं दिली त्या पदार्थाला हात लावायचा नाही. वेळ, पदार्थ, वाटी-चमच्यात किंवा मिलीत प्रमाण, त्रास कोणता, किती वेळानं आणि ० ते १० पैकी किती, एवढे रकाने पुरे. शेजारी झोप, पाळीचे दिवस, घेतलेली औषधं, कामाचा ताण यांच्यासाठी एक ओळ ठेवा.

पदार्थ फोडून लिहायचा. "सकाळी पोहे-जिलेबी" या नोंदीतून काहीच कळत नाही. पोहे एक प्लेट, वर कच्चा कांदा दोन चमचे, शेव मूठभर, जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला), सोबत जिलेबी दोन, असं लिहिलं की तांदूळ, कांदा, बेसन आणि मैदा हे चार संशयित वेगळे होतात. उसळ-पोहे असतील तर उसळीचं कडधान्य पाचवं.

चहाचा हिशेब लोक धरतच नाहीत. एका कपात ६० मिली दूध धरलं तर सहा कपांत ३६० मिली होतं. "मी दूध घेतच नाही" म्हणणाऱ्याच्या पोटात दिवसाला दीड ग्लास दूध गेलेलं असतं.

वही वाचताना नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या घासाला दोषी धरणं. दुपारी चार वाजता पोट दुखलं म्हणजे चारच्या बिस्किटानं दुखलं असं नाही. दोन वाजताची चवळीची उसळ किंवा सकाळची कचोरीही कारण असू शकते. मागच्या आठ-दहा तासांवर नजर टाका, आणि तीच जोडी तीन वेळा दिसली तरच तिच्याखाली रेघ मारा.

दुसरी पायरी: तपासण्या, आणि त्यांचा क्रम

गहू बंद करण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करा. हा क्रम चुकला की सगळंच बिघडतं. टीटीजी-आयजीए ही तपासणी रक्तातल्या प्रतिद्रव्यांवर चालते, आणि गहू बंद असेल तर ती प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात. मग आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. सोबत एकूण आयजीए मोजायला सांगा, कारण काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असतं आणि अहवाल फसवा येतो. अहवाल सकारात्मक आला तर बहुतेक वेळा दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे तपासतात, तोवर गहू सुरूच ठेवायचा. आधीच बंद केला असेल तर किती पोळ्या किती आठवडे खायच्या हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचते का हे बघायला श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी असते. रात्रभर उपाशी राहून लॅक्टोजचं पाणी प्यायचं, सहसा २५ किंवा ५० ग्रॅमचं, आणि ठरावीक वेळानं नळीत फुंकायचं. हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमनं (दहा लाख भागांत २०) वाढला तर साखर पचलेली नाही. आधीचे चार आठवडे प्रतिजैविक घेतलेलं नसावं, आदल्या दिवशी डाळी-कडधान्यं टाळावीत, सकाळी बिडी-सिगारेट ओढू नये. ही तपासणी सोयीची आहे, पण आवश्यक नाही. पुढे दिलेला घरचा प्रयोग नीट केला तर बहुतेकांना तेवढ्यानं उत्तर मिळतं.

ॲलर्जीचा संशय असेल तर त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा रक्तातलं विशिष्ट आयजीई. टोचण्याच्या चाचणीआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. चाचणी सकारात्मक म्हणजे ॲलर्जी नक्की, असं मात्र नाही. शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढाच तिचा अर्थ. जो पदार्थ तुम्ही रोज बिनधास्त खाता तो केवळ कागदावर आला म्हणून सोडू नका.

आणि ते दोनशे पदार्थांचं "फूड इनटॉलरन्स पॅनेल", ज्यात आयजीजी नावाची वेगळी प्रतिद्रव्यं मोजतात? त्यावर पैसे घालू नका. आयजीजी हे आपण तो पदार्थ खातो याचं चिन्ह आहे. रोज गहू, दूध, तूरडाळ खाणाऱ्या माणसाच्या अहवालात गहू, दूध आणि तूरडाळ लाल रंगात येणारच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही चाचणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे. केस तपासून सांगणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, हिमोग्लोबिन कमी असेल, घरात कुणाला सीलिॲक किंवा आतड्याचा कर्करोग असेल, किंवा पन्नाशीनंतर तक्रार नव्यानं सुरू झाली असेल, तर वहीचे प्रयोग बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांना भेटा.

तिसरी पायरी: दूध

लहानपणानंतर लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी होत जाणं ही जगातल्या बहुसंख्य माणसांची नैसर्गिक अवस्था आहे, हा रोग नाही. दुधात १०० मिलीमागे सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे पाव लिटरच्या ग्लासात १२ ग्रॅमच्या आसपास. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एवढं एका वेळी, विशेषतः जेवणासोबत, फारसं बाधत नाही. म्हणून दूध कायमचं तोडण्याची गरज क्वचितच पडते.

प्रयोग असा करा. दोन आठवडे दूध, मावा, रबडी, खीर, बासुंदी, शिकंजी, आइस्क्रीम आणि दूध पावडर असलेली बिस्किटं बंद. तूप चालेल. या दोन आठवड्यांत त्रासात काहीच फरक पडला नाही तर लॅक्टोज निर्दोष आहे, दूध पुन्हा सुरू करा आणि पुढच्या पायरीकडे जा. फरक पडला तर दर तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मोजून दूध घ्या: आधी ६० मिली, मग १२०, मग १८०, मग २५०. ज्या पायरीवर त्रास झाला तिच्या आधीची पायरी ही तुमची एका वेळची मात्रा. दिवसातून दोनदा घ्यायची तर मध्ये पाच-सहा तास जाऊ द्या.

इंदुरात गोष्ट बिघडते ती आटवलेल्या दुधानं. एक किलो मावा करायला चार-पाच लिटर दूध लागतं. म्हणजे ५० ग्रॅम माव्यात पाव लिटर दुधाइतकं लॅक्टोज जवळजवळ आहे तसं उरतं, फक्त पाणी गेलेलं असतं. रबडीचंही तेच. इंदुरी शिकंजी हे लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, रबडी आणि सुका मेवा हे तिचं अंग आहे, आणि बाहेरगावचा पाहुणा नाव ऐकून हमखास फसतो. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवतात, हेही चटकन लक्षात येत नाही. अर्धी प्लेट सहसा निभते.

उलट बाजूला दही आणि ताक. विरजणातले जीवाणू काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेलं पचवायला पोटातही मदत करतात, म्हणून दूध बाधणाऱ्यालाही दही बहुधा चालतं. पनीर करताना बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं. श्रीखंडाच्या चक्क्याचं तसंच, फक्त पाणी पूर्ण निथळलेलं असावं. तुपात ते नावापुरतंच.

दूध उकळून किंवा पाणी घालून लॅक्टोज नाहीसं होत नाही. गाय, म्हैस, शेळी सगळ्यांच्या दुधात ते असतं. ए-टू दुधाची जाहिरात प्रथिनाच्या प्रकाराबद्दल असते, लॅक्टोज त्यातही तेवढंच आहे. जास्त पैसे मोजायचेच असतील तर लॅक्टोज-फ्री लिहिलेल्या दुधावर मोजा. त्यात लॅक्टेज आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ते जरा गोड लागतं. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, पोट फुगल्यावर घेऊन उपयोग नसतो.

जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर आतड्याचं अस्तर खरवडलं जातं आणि काही आठवडे दूध सोसत नाही. हे तात्पुरतं असतं. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध यासाठी बंद करू नये.

दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या बाळाला मात्र यातलं काहीच लागू नाही. लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिन पूर्ण असतं, तूप-लोण्यातही त्याचे अंश राहू शकतात. गाईचं चालत नाही म्हणून शेळीचं किंवा म्हशीचं देणं धोक्याचं, कारण ही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. अशा बाळासाठी प्रथिनं तोडून केलेलं खास फॉर्म्युला दूध असतं आणि ते बालरोगतज्ज्ञच लिहून देतात.

चौथी पायरी: कांदा, लसूण, गहू, डाळी

दूध निर्दोष सुटलं, सीलिॲकचा अहवाल स्वच्छ आला आणि पोट तरी फुगतंच, तर संशय फॉडमॅप गटावर जातो. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पटकन आंबणाऱ्या साखरांचं हे एकत्रित नाव आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावरून आहारपद्धत बसवली. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टॅन असतं. हरभरा, राजमा, चवळी यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड. मध, आंबा, सफरचंदात जास्तीचं फ्रुक्टोज. फ्लॉवर, मशरूम आणि शुगर-फ्री गोळ्यांत पॉलिओल.

पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा, सगळे गट कमी करण्याचा. इंदूरच्या स्वयंपाकघरात तो तितकासा अवघड नाही: भात, पोहे, ज्वारीची भाकरी, मक्याची रोटी, बटाटा, गाजर, काकडी, वांगं, पालक, पपई, संत्रं, अननस. मूगडाळीचं पातळ वरण थोडंसं. लसणाची चव सोडावी लागत नाही. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. चार पाकळ्या अख्ख्या तेलात मंद तळा, लाल व्हायच्या आत पूर्ण काढून टाका, आणि त्याच तेलात फोडणी करा. पाकळ्या आमटीत राहिल्या तर मात्र सगळं फ्रुक्टॅन रश्श्यात उतरतं. तेल केलं त्याच दिवशी वापरा, लसणाचं तेल बाहेर साठवून ठेवणं विषबाधेला आमंत्रण असतं. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या.

या गावाची एक मोठी सोय म्हणजे जैन जेवण. खानावळ असो, लग्न असो की चाटचं दुकान, "जैन बना दो" म्हटलं की कांदा-लसूण वगळून मिळतं, वर कुणी कारण विचारत नाही. पण जैन म्हणजे पोटाला हलकं असं समजू नका. कांद्याची जागा बऱ्याचदा काजू, बेसन, मावा किंवा कोबी-फ्लॉवर भरून काढतात. जैन छोल्यांत छोले असतातच.

दुसरा टप्पा खरा महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात. पहिल्या टप्प्यात बरं वाटलं की तसंच खात राहतात, आणि वर्षभरात आहार आक्रसून जातो. आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं खाद्यच या साखरा आहेत, त्या कायम बंद ठेवणं हिताचं नाही. म्हणून एका वेळी एकच गट परत आणायचा: तीन दिवस वाढती मात्रा, मग तीन दिवस विश्रांती, बाकीचं जेवण पहिल्या टप्प्यासारखंच. कांदा शिजवलेला एक चहाचा चमचा, दुसऱ्या दिवशी एक मोठा चमचा, तिसऱ्या दिवशी अर्धा मध्यम कांदा. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. गव्हाची पोळी एक, दोन, तीन. शिजवलेला हरभरा दोन चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी. मध एक चहाचा चमचा, दोन, तीन. त्रास झाला त्या दिवशी तो गट थांबवायचा आणि पोट पूर्ण शांत झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही.

महालक्ष्मीच्या जेवणात पुरणपोळी खाऊन "गहू सोसत नाही" असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. पुरणपोळीत हरभऱ्याची डाळ आहे, गहू आहे, आणि वर दूध ओतलं तर लॅक्टोजही. तीन गट एका घासात गेल्यावर दोषी कोण हे सांगता येत नाही. तो गहूच असेल असं नाही, डाळही असू शकते. एक पोळी तुपाबरोबर खाऊन बघा, मग दुधाची ठरवा.

कडधान्यं बारा तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. त्रासदायक साखर बरीचशी भिजवणाच्या पाण्यात जाते. सोडा घालून शिजवल्यानं डाळ लवकर मऊ होते, वायू कमी होईल याची खात्री नाही.

लहान मुलं, गरोदर बाया, आधीच वजन कमी असलेली माणसं आणि खाण्याबद्दल मनात धास्ती असलेली माणसं यांनी हा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करू नये.

सीलिॲक असेल तर घर

माळव्यात गहू हे मुख्य अन्न, त्यामुळे पिठाचा कण घरभर असतो. बाजारात ज्वारी, मका, राजगिरा मुबलक मिळतो, खरी अडचण चक्कीवर होते. गव्हानंतर लगेच ज्वारी दळली तर पहिल्या काही किलोंत गव्हाचं पीठ येतंच. "आधी थोडं दळून काढून टाकतो" हा चक्कीवाल्याचा दिलासा पुरेसा नसतो. भारतात ग्लूटेन-फ्री लेबलची मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम आहे, आणि पाती-पाट्यांना चिकटलेलं पीठ ती सहज ओलांडतं. घरी छोटी चक्की घेऊन त्यात गहू कधीच न दळणं, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. नाहीतर खात्रीचं बंद पाकीट घ्या.

खपली गहू, दलिया, रवा, शेवया, बाफल्याचं (माळव्यातल्या बाटीसारख्या पदार्थाचं) जाडसर पीठ हे सगळं गहूच. "देशी गव्हात ग्लूटेन नसतं" हे खोटं आहे. सातूत गहू किंवा जव असू शकतात. हिंगाचा उग्रपणा कमी करायला त्यात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, म्हणून तांदळाच्या पिठाचा किंवा डिंकाचा हिंग लेबल वाचून घ्या, आणि जीरावनात कुठला हिंग आहे तेही बघा. चाळणी, लाटणं-पोळपाट, लाकडी परात वेगळी हवी. लाकडाच्या चिरांतलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलचं भांडं घासून चालतं. कचोरी-समोसे तळलेल्या कढईत तळलेला साबुदाणा वडा सीलिॲकच्या माणसाला चालत नाही. उपवासाचे पदार्थ, म्हणजे मोरधन (वरई), शिंगाड्याचं पीठ, राजगिरा, मुळात ग्लूटेनमुक्त आहेत, पण पीठ कुठे दळलं हा प्रश्न त्यांनाही सुटत नाही.

ॲलर्जी असेल तर

इथे मात्रा शोधायची नाही. घरी "थोडं देऊन बघू" कधीही करायचं नाही. ॲलर्जी गेली का हे बघायचं असेल तर तो प्रयोग दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, आपत्कालीन औषधं हाताशी ठेवून करतात. दूध-अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांत वय वाढताना जाते. शेंगदाणे, सुका मेवा, मासे यांची बहुधा टिकते.

मराठी घरात शेंगदाण्याचा कूट कुठे नसतो ते शोधणं सोपं, कारण तो सगळीकडे असतो: कोशिंबीर, भरली वांगी, आमटी, खिचडी, चटणी, लाडू. उपवासाच्या दिवशी तर धोका दुप्पट. घाणीच्या दाणेतेलात प्रथिन राहतं, म्हणून ते पूर्ण बंद. पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ नसतं, तरी डॉक्टरांना विचारून ठरवा. सोयाबीनचंही असंच, आणि माळवा सोयाबीनचा प्रदेश असल्यानं सोया पीठ आणि वड्या स्वस्त फरसाण-बिस्किटांत अनपेक्षितपणे सापडतात.

पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुका मेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलीग्रॅमपासून पुढचं सल्फाइट ठळकपणे सांगणं एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार बंधनकारक आहे. तीळ, मोहरी आणि हरभरा या यादीत नाहीत. त्यांची ॲलर्जी असणाऱ्यानं घटकांची पूर्ण ओळ वाचायलाच हवी. हिवाळ्यातली गजक (तिळाची वडी) आणि लोणच्याचा मसाला हे ठळक सापळे.

तीव्र प्रतिक्रियेवर औषध एकच, ॲड्रिनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागात, स्नायूत टोचतात. मात्रा किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलीग्रॅम. आपोआप टोचणारं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांकडून ॲम्प्यूल, सिरिंज, लिहिलेली मात्रा आणि प्रत्यक्ष शिक्षण हे चारही घ्या. श्वास लागला, आवाज घोगरा झाला, चक्कर आली, किंवा त्वचेबरोबर उलट्याही सुरू झाल्या तर वाट बघायची नाही. टोचा, माणसाला आडवं करून पाय वर ठेवा (दम लागत असेल तर टेकून बसवा), उठून चालू देऊ नका, १०८ लावा. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा. सिट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबायचं, कारण प्रतिक्रिया कधीकधी पुन्हा उसळते. दमा असलेल्याला धोका जास्त, त्याचा पंप जवळच हवा.

बाहेर खाताना

"यात काही ॲलर्जीचं आहे का?" या प्रश्नाला सराफ्यात किंवा छप्पन दुकान या खाऊगल्लीत "नहीं नहीं, सब शुद्ध है" हेच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: "भैया, मूंगफली ऊपर से डालते हो या अंदर मिली है?" "इसी तेल में कचोरी भी तली है क्या?" "शिकंजी में दूध कितना है?" वरून घालतात असं कळलं तरी ॲलर्जीवाल्यानं घेऊ नये, चमचा तोच असतो. न सोसणाऱ्याला मात्र पोह्यांवरचा कांदा आणि शेव वगळून खाता येतं. गराडू (तळलेला कंद), लिंबू-मिठासह, कांदा-लसूण टाळणाऱ्यांना सहसा जमतो.

पंगतीत आग्रह होतो. ॲलर्जी असलेल्या मुलाबद्दल यजमानाला आदल्या दिवशीच फोन करा, ऐन वेळी वाढप्याला सांगून भागत नाही. न सोसण्यासाठी एवढ्याची गरज नाही: बासुंदीची वाटी अर्धी घ्या आणि सकाळचं दूध सोडा, दिवसाचा हिशेब जुळतो.

काढलं त्याची भरपाई, आणि औषधं

दूध कमी झालं की कॅल्शियम कमी होतं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलीग्रॅम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून साधारण ३४० मिळतं. दही, पनीर, तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या यांतून उरलेलं जमवा. पालकावर फार विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम फारसं शोषलं जात नाही. गहू सोडणाऱ्यानं तंतुमय पदार्थ, लोह आणि बी गटातली जीवनसत्त्वं यांकडे लक्ष द्यावं, नुसता भात-साबुदाणा खाल्ला तर बद्धकोष्ठता ठरलेली.

बऱ्याच गोळ्यांत भरण म्हणून लॅक्टोज असतं. ते मिलीग्रॅममध्ये असल्यानं लॅक्टोज न सोसणाऱ्याला सहसा जाणवत नाही, त्यासाठी औषध थांबवू नका. दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर मात्र दम्याच्या कोरड्या पावडरीच्या इन्हेलरबद्दल डॉक्टरांना आठवणीनं सांगा. त्यातल्या लॅक्टोजसोबत दुधाच्या प्रथिनाचे अंश येऊ शकतात. सीलिॲकच्या माणसानं नवीन गोळी घेताना औषधवाल्याला तिच्यातला स्टार्च कशाचा आहे ते विचारावं, मक्याचा असेल तर हरकत नाही.